शेऱ्याचा रकाना

युद्धनौकेचंही सेवापुस्तक असतं.
निळ्या पुठ्ठ्याचं, शिवणीच्या दोऱ्याला मेण लावलेलं.
विल्हेल्म्सहाफेनच्या गोदी-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी ते सतरा वर्षं लिहिलं.
डावीकडे तारीख, मध्ये हालचाल,
आणि उजवीकडे बोटभर रुंदीचा रकाना: शेरा.

पहिली नोंद, एकोणीसशे पाच. जलावतरण.
कुणा सरदारघराण्यातल्या बाईंनी बाटली आपटली,
ती फुटली तिसऱ्या फटक्यात.
हे लिहायचं नसतं.
शेरा: निरंक.

ती आरमारात रुजू होईतो पलीकडे इंग्रजांनी
असं काही एक धूड पाण्यात सोडलं होतं
की आमची नवरी बोहल्यावरच म्हातारी झाली.
तरी बँड वाजला. तरी करडा रंग दिला, दोन हात.
सराव, नॉर्वेचा किनारा, सराव, डागडुजी, सराव.
शेरा: निरंक, निरंक,
आणि एकदा, घाईत, नुसतीच आडवी रेघ.

तिच्या पोटात माझ्या बायकोचा भाऊ होता, आयबो.
भट्टीवाला.
रजेवर आला की सासूबाई गादीवर गोणपाट अंथरायच्या,
कारण त्याच्या घामातून कोळसा यायचा
तिसऱ्या दिवशीसुद्धा.
हात घासून घासून धुवायचा, मग पाव मोडायचा,
आणि पावावर पाचही बोटं.

तिला खलाशी म्हणायचे पाच मिनिटांची नाव:
लढाईत तेवढीच टिकेल म्हणून.
आयबो हे सांगून हसायचा. गेस्के उठून आत जायची.

एकोणीसशे सोळा, मे अखेर.
मी लिहिलं: सागरी मोहीम. परत. गळती किरकोळ.
तो चौथ्या दिवशी कचेरीत आला, थेट माझ्या टेबलाशी.
म्हणाला, खाली काही दिसत नाही रे,
घंटा वाजली की फावडं, घंटा वाजली की फावडं.
पहाटे एकदा सगळं जहाज
कुणी दारावर थाप मारावी तसं वाजलं.
वर आलो, तर आमच्या मागची
मागे नव्हती.
बोलताना त्यानं अंगठा पानावर टेकवला होता.

साहेब म्हणाले, डाग काढा.
कचेरीत डाग पावाच्या गराने काढतात,
मळून, गोळी करून, हलक्या हाताने.
मी उद्यावर ढकललं.
मग तो हिवाळा आला, सलगमांचा,
सकाळी सलगम, रात्री सलगम, कॉफीत भाजलेलं सलगम,
आणि पावाची गोळी ज्यानं कागदावर घासली असती
त्याला बायकोनं घरात घेतलं नसतं.
डाग राहिला.

तोफा उतरवल्या. रेल्वेवर चढवून कुठेतरी नेल्या.
ती धक्क्याला बांधलेली बराक झाली.
अठराच्या नोव्हेंबरात तिच्या काठीवर
कुणाच्या तरी पलंगपोसाचं लाल कापड चढलं.
झेंडा बदलल्याची नोंद कुठे करतात
हे विचारायला मी खाली गेलो,
तर खाली कुणीच नव्हतं,
साहेबांची टोपी खुंटीवर होती.

एकवीस साली वजनावर विकली.
तोडणाऱ्यांच्या रोजंदारीवर आयबो लागला;
ज्या भट्टीपुढे त्याची दाढी जळायची
तीच भट्टी त्यानं ज्योतीनं कापली.
कसं वाटलं, विचारलं.
म्हणाला, रोज वेळेवर देतात.
भट्टीच्या दाराची कडी घरी आणली त्यानं.
गेस्के ती दाराला अडण म्हणून लावते.

शेवटची नोंद: सेवा समाप्त.
पुस्तक रद्दीत निघालं, ते मी कोटाखालून घरी आणलं.
मागची साठ पानं कोरी होती
आणि शाळेच्या वह्या परवडत नाहीत.
आता तेवीस सालचा ऑक्टोबर.
माझी फोल्के त्यावर गणितं करते,
स्वयंपाकघराच्या टेबलावर, जीभ बाहेर काढून:
एक पाव इतक्याला, तर चार पाव कितीला?
उत्तर मधल्या रकान्यात मावत नाही.
शून्यामागून शून्य काढत
ती रेघ ओलांडते, शेऱ्यात शिरते,
आणि तिथेही जागा पुरत नाही तेव्हा
मान वर करून विचारते,
बाबा, पुढे कुठे लिहू?